गल्लीतील रस्त्याचे काँक्रीटीकरण: मुंबईतील सोसायट्यांनी काय करावे

मुंबई महानगरपालिकेच्या अखत्यारीत सुमारे २,०५० किलोमीटर लांबीचे रस्ते आहेत. जानेवारी २०२३ मध्ये काँक्रीटीकरणाचा मोठा टप्पा सुरू झाल्यापासून शहरातील आणि उपनगरांतील असंख्य गल्ल्यांनी खोदकाम, पत्र्यांचे अडथळे आणि बंद वाहतूक महिनोन्महिने सोसली आहे. रस्ता बंद असलेला प्रत्येक दिवस वाया गेलेला नसतो. काँक्रीटला पक्के होण्यासाठी लागणारे दिवस वेगळे आणि उघड्या चरात एकही कामगार न उतरता गेलेले दिवस वेगळे. हा भेद ओळखणाऱ्या सोसायटीचीच तक्रार नेमकी होते आणि तिचे उत्तर देणे अभियंत्यालाही टाळता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र खोदाईपूर्वीचे आहे, आणि ते म्हणजे पातळीची नोंद. जुने डांबर व त्याखालचा थर पुरेसा न काढता नवे थर चढवले, तर रस्ता उंच होतो, सोसायटीचे आवार खोलगट राहते आणि जूनमधील पहिल्याच मोठ्या पावसात पाणी फाटकातून मीटरच्या खोलीत व तळमजल्यावरील घरांत शिरते. डांबर खरवडून पातळी उतरवता येते. काँक्रीटच्या बाबतीत ती सोय जवळजवळ उरत नाही. म्हणून फाटकाच्या खांबावर सध्याच्या रस्त्याची पातळी रंगाने आखावी, मोजपट्टी धरून तिचे छायाचित्र काढावे आणि विभाग कार्यालयातील रस्ते अभियंत्याला लेखी विचारावे की आमच्या फाटकासमोर तयार रस्त्याची कड नेमकी किती उंचीवर येणार आहे आणि पर्जन्यजल वाहिनीची पातमुखे (रस्त्यावरील पाणी वाहिनीत शिरण्याची तोंडे) कोठे असतील. पत्राच्या प्रतीवर पोच घेण्यास विसरू नये. तोंडी मिळालेले आश्वासन पावसाळ्यात कामास येत नाही.

त्याच सुमारास सोसायटीची स्वतःची कामेही उरकून घ्यावीत. गंजलेली जलजोडणी, तुंबणारी मलनिःसारण जोडणी, भविष्यात लागणाऱ्या केबलसाठी रस्त्याखालून टाकायचा रिकामा पाइप, यांसाठी परवानगी आधीच मागितली, तर नवा रस्ता पुन्हा फोडावा लागत नाही.

खोदकाम सुरू झाल्यावर नळाच्या पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पाण्याची आणि मलनिःसारणाची वाहिनी जवळजवळ असल्याने एखादा धक्का दोन्हींना बसू शकतो. पाण्याला वास किंवा गढूळपणा जाणवताच टाकीत येणारे पाणी बंद करावे, पिण्याचे पाणी उकळावे आणि विभागाच्या जल खात्याला कळवावे. गॅसचा वास आल्यास ठिणगी किंवा विजेचे बटण टाळून सर्वांनी दूर व्हावे आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. झाडांच्या बुंध्याभोवती किमान १ मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आग्रहही याच टप्प्यावर धरावा, कारण काँक्रीटने वेढलेले झाड मुळांना पाणी न मिळून कमकुवत होते आणि पुढे वादळात कोसळते.

काँक्रीट ओतल्यानंतर ते ओले गोणपाट किंवा साचवलेले पाणी यांच्या साहाय्याने सतत भिजते ठेवावे लागते आणि वाहतुकीसाठी सर्वसाधारणपणे २८ दिवस थांबावे लागते. रस्ता अर्धा-अर्धा केला जात असेल, तर ही मुदत दोनदा येते. या काळात घाई करून दुचाकी वरून नेऊ नये आणि रस्ता लवकर उघडण्यासाठी दबावही आणू नये. उलट गोणपाट कोरडे पडले असल्यास तेच कळवावे.

याउलट चर उघडा असून काम थांबलेले असेल, तर रोज एकाच ठिकाणाहून, तारखेसह छायाचित्र घ्यावे. आमच्या सोसायटीतील एका आजींना छातीत दुखू लागल्यावर खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून न्यावे लागले, कारण रुग्णवाहिका आत वळू शकत नव्हती. त्या आठवड्यात चरात कोणीही उतरले नव्हते, हे आम्हाला छायाचित्रांवरूनच दाखवता आले आणि त्यानंतर लोखंडी पत्र्यांची तात्पुरती वाट मिळाली. अशी वाट पहिल्या दिवसापासून मागावी. तक्रार महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर नोंदवून तिचा क्रमांक पुढील प्रत्येक पत्रात लिहावा.

उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार १० रुपये शुल्काचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून कार्यादेशाची (कंत्राटदाराला काम सुरू करण्याच्या लेखी आदेशाची) तारीख, मूळ मुदत, दिलेल्या मुदतवाढी आणि काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ७ व २८ दिवसांच्या मजबुती चाचण्यांचे निकाल एवढेच मागावे. उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची असते. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे कोणी जखमी झाल्यास रुग्णालयाची कागदपत्रे, जागेची छायाचित्रे आणि पोलिसांतील नोंद जपून ठेवावी; मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पीडितांना भरपाई देण्याचे आदेश दिले आहेत.

रस्ता खुला होण्यापूर्वी अभियंत्यासमोर फाटकाजवळ दोन बादल्या पाणी ओतावे आणि ते पातमुखाकडे वाहते की आवारात येते, ते पाहावे. पाणी आत आले, तर खांबावरील जुनी खूण दाखवून त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी, कारण कंत्राटदाराची माणसे आणि यंत्रे अजून गल्लीतच असतात.