ओटागोला येताय? आधी दुसऱ्याची मेंढरं राखा
वायटाकी खोरं, ओटागो प्रांत, न्यूझीलंड, 1883

तीन महिने बोटीत काढून पोर्ट चामर्सला उतरलात की आठवड्याच्या आत खानावळीत कुणीतरी तुम्हाला गाठेल. भाडेपट्ट्याचं रान आहे, हजारो एकर, कळपासकट, म्हणेल. सही करू नका. मी 1858 साली आलो तेव्हा खिसा रिकामा होता म्हणून वाचलो. चार वर्षं दुसऱ्याची मेंढरं राखली, चुका मालकाच्या खर्चाने केल्या.

इथले ऋतू उलटे, म्हणून स्कॉटलंडातलं गावाकडचं ज्ञान इथे उलटं करून वापरावं लागतं. कोकरं सप्टेंबर-ऑक्टोबरात होतात, लोकर नाताळाच्या आगेमागे कातरतात. आणि मेंढी मेरिनो, म्हणजे बारीक लोकरीची जात. बिथरली की खाली उतरायचं सोडून आणखी वर चढते. तेव्हा थंडी पडायच्या आत कळप उंचावरून उतरवा. 1878 च्या हिवाळ्यात मी पंधरा दिवस उशीर केला. बर्फ वितळल्यावर महिनाभर नुसती कातडी सोलत होतो.

नदीचं मात्र नीट ऐका. इथे बुडून इतके लोक मेले की त्याला ‘न्यूझीलंडी मरण’ असं नावच पडलंय. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतं, पण वायव्येचा गरम वारा सुटला की वर इथल्या दक्षिण आल्प्स डोंगरांत पाऊस कोसळतो, बर्फ वितळतं, आणि सकाळी गुडघाभर असलेलं पात्र दुपारी घोडा वाहून नेतं. असा वारा असेल तर अलीकडेच मुक्काम करा. जवळच्या झोपडीतला मेंढपाळ चहा-मटण देईल. नाही म्हणायची इथे रीत नाही.

रान बघायला गेलात तर दुपारी बघू नका. सूर्य कलताना उतारावर गप्प बसा आणि ससे मोजा. दक्षिणेकडे सशांनी गवत खाऊन टाकलं, म्हणून चांगल्या चांगल्या लोकांनी पट्टे सोडले.

एक गोष्ट मात्र आमच्या वेळेपेक्षा बरी. म्हातारी मेंढी आम्ही चरबीसाठी उकळायचो, मांसाला गिऱ्हाईकच नव्हतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ‘डनीडिन’ जहाज सुमारे 5,000 गोठवलेली मेंढरं घेऊन लंडनला गेलं, आणि ती विकली गेली. त्यामुळे आता लोकरीबरोबर मांसही धरणारी संकरित जात बघा.

माझ्या आजोबांना स्कॉटलंडातल्या सदरलंडमधून जमीनदाराने मेंढरांसाठी हुसकलं. इथली जमीन न्गाइ ताहू या माओरी जमातीची. 1848 साली सरकारने दोन कोटी एकर 2,000 पौंडांत घेतली. 1879 साली याच खोऱ्यात वर ओमारामाला ठाण मांडून बसलेल्या त्यांच्या माणसांना पोलिसांनी उठवलं, तेव्हा मला आजोबा आठवले. मेंढरं काही मी विकली नाहीत.

किनाऱ्यावरच्या ओमारू गावापर्यंत आगगाडी आहे. नोव्हेंबरात कळप गोळा करायला मला दोन माणसं लागतील. गेलिकमध्ये, आमच्या डोंगराळ स्कॉटलंडच्या भाषेत, शिव्या येत असतील तर उत्तम, माझ्या कुत्र्यांना तेवढंच कळतं.