गुलमर्ग की औली? साताऱ्याहून स्कीइंगला निघण्याआधी

वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठल्याची बातमी आली की साताऱ्यात थंडीचं कौतुक सुरू होतं. पण पायाला स्की बांधून बर्फावरून घसरायचं असेल, तर आपल्यासारख्या नवख्यांसमोर मुख्यतः दोन नावं येतात : काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडमधलं औली. मनालीजवळच्या सोलांगलाही स्की भाड्याने मिळतात, पण ती बहुतेकांसाठी तासाभराची हौस. शिकायचं असेल तर या दोघांतून एक निवडायचं. फोटो बघून निवडू नका. फोटोत दोन्हीकडचा बर्फ पांढराच दिसतो.

आधी रजा मोजा, मग बर्फ

एकूण रजेतून प्रवासाचे दिवस वजा करा. उरतील तेच तुमचे बर्फावरचे दिवस.

औलीला रेल्वेने जायचं तर सांगली किंवा साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीचं हजरत निजामुद्दीन, तिथून हरिद्वार-ऋषिकेश आणि मग ज्योतिर्मठ, म्हणजे आपलं जुनं जोशीमठ. ऋषिकेशपासूनचा हा शेवटचा टप्पा साधारण अडीचशे किलोमीटरचा आणि सगळा घाटाचा. त्यात अख्खा दिवस जातो. डेहराडूनपर्यंत विमानाने गेलात तरी हा दिवस वाचत नाही. नऊ दिवसांची रजा असेल आणि रेल्वेने जाऊन-येऊन करायचं असेल, तर बर्फावर जेमतेम तीन दिवस मिळतात.

गुलमर्गला पुण्याहून विमानाने, बहुधा दिल्लीत विमान बदलून, त्याच दिवशी श्रीनगर गाठता येतं. तिथून गुलमर्ग सुमारे 50 किलोमीटर. म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्ही उतारावर. स्वस्तात जायचं तर पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मूला जाते, आणि जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही धावते; पण मग वेळेचा हिशेब औलीइतकाच होतो.

रजा आठवड्याची असेल तर गुलमर्ग घ्या. इथे मला फारशी शंका वाटत नाही.

कोण कोण येणार आहे?

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला जातो, दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरपर्यंत. सगळेजण त्या दुसऱ्या टप्प्याचंच कौतुक ऐकवतात. नवशिक्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. वरचे उतार तीव्र आहेत, ठरावीक मार्ग सोडला की हिमस्खलनाचा धोका आहे, आणि ते कसलेल्या स्कीपटूंचं काम आहे. तुमचे पहिले तीन-चार दिवस गावालगतच्या सौम्य उतारावरच जाणार. त्यामुळे निवड करताना पर्वत किती उंच ते सोडा. शिकण्याचा उतार कसा आहे आणि प्रशिक्षक कोण आहे, ते बघा.

बरोबर आई-वडील असतील तर गुलमर्ग सोयीचं. तुम्ही खाली धडपडत असताना त्यांना पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन येता येईल. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर दुसऱ्या टप्प्याचं तिकीट डॉक्टरांना विचारूनच काढा.

औलीचं बलस्थान वेगळं. गर्दी कमी, समोर 7,816 मीटरची नंदादेवी, आणि गढवाल मंडळ विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स. दोघं-तिघं मित्र असाल, लांब रजा असेल आणि रोज तेच तेच गिरवायची तयारी असेल, तर औलीत मन लागतं. गुलमर्गलाही केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. तिचे कोर्स लवकर भरतात.

एक लक्षात ठेवा. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठात जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे बंद करण्यात आला. जुने व्हिडिओ बघून त्याच्या भरवशावर बेत आखू नका. गाडीने वर जायचं धरूनच चाला.

तारखा

नाताळच्या सुट्टीत दोन्हीकडे बर्फाची खात्री नसते. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर तो आपोआप बाद.

तरीही बर्फ हुलकावणी देतोच. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, आणि 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. औलीतही बर्फ नाही म्हणून स्पर्धा रद्द झाल्या आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन लावा. 'बर्फ आहे का?' असं विचारलंत तर उत्तर 'आहे' असंच येणार. त्याऐवजी शिकण्याच्या उतारावरचा आज सकाळचा व्हिडिओ पाठवायला सांगा. त्यात मधूनमधून गवत दिसत असेल तर तारीख पुढे ढकला. तारीख बदलता येईल असंच बुकिंग घ्या, मग ते थोडं महाग पडलं तरी चालेल.

बूट

ठिकाण ठरलं की लोक जॅकेट विकत घ्यायला धावतात. जॅकेट तिथे भाड्याने मिळतं. खरा घोळ स्कीच्या बुटांत होतो. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून पुढे झुकलात की बोटं मागे सरकायला हवीत आणि नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबली गेली पाहिजे. टाच वर उचलून बघा. उचलली गेली तर बूट मोठा आहे, दुसरा मागा. मोजे एकच जोडी, लांब आणि लोकरीचे. थंडीच्या भीतीने दोन जोड्या चढवल्यात तर त्यांना घड्या पडतात, पाय सोलवटतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही खोलीत. 'चलेगा साहब' म्हणणाऱ्या दुकानदारापुढे भीड धरू नका.

जायच्या आधी महिनाभर अजिंक्यतारा चढा-उतरा. उतरताना मांड्या भरून येतात ना, स्कीवर अर्धं वाकून उभं राहताना त्याच मांड्या लागतात.

प्रवास विमा काढताना त्यात स्कीइंग धरलंय का, हे कागदावर वाचून घ्या; पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, आणि वारा सुटला तर दुसरा टप्पा बंद राहतो हे गृहीत धरा. ताजा बर्फ पडला असेल तर गुलमर्गच्या वाटेवरच्या टंगमर्गपासून पुढे चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी घ्यावी लागते; तिचं भाडं श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी बोलतानाच स्पष्ट करून ठेवा. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ग्रुपमध्ये निदान एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या, आणि हॉटेलचा नि गाडीवाल्याचा नंबर त्याच्याच फोनमध्ये घालून ठेवा.