रेडिओवर तंबाखूची जाहिरात: या चुका टाळा

एजन्सीत नवीन आलेल्याचा ठरलेला प्रश्न: टीव्हीवर बंदी आहे पण रेडिओवर चालतं ना, दाखवायचं तर काहीच नाही? नाही चालत रे बाबा. २००३ चा कोटपा कायदा, म्हणजे तंबाखूच्या जाहिराती बंद करणारा कायदा, त्याचं कलम ५. सिगारेट, विडी, खैनी, काहीही असो, माध्यम कुठलंही असो. सूट फक्त पाकिटावर आणि माल विकतात त्या दुकानात.

शेवटी 'आरोग्यास हानिकारक' टाकलं की सुटलो, हा पण गैरसमजच.

खरा ताप वेलचीचा आहे. गणपतीच्या तोंडावर अंधेरीच्या एका स्टुडिओत असाच स्पॉट, म्हणजे रेडिओची जाहिरात, रेकॉर्ड होत होता, नाव मळायच्या तंबाखूचं, ट्यून त्याचीच जुनी, आणि विकायची म्हणे वेलची. स्क्रिप्टवाला पोरगा जाम खूश, तंबाखूचा त पण नाहीये म्हणाला. म्हटलं बरं, खाली जा आणि या नावाची वेलची घेऊन ये. बऱ्याच वेळाने आला तो तंबाखूची पुडी घेऊन, पानवाल्याने नाव ऐकून तीच हातावर ठेवली! तरी साहेबांनी घाईघाईत स्पॉट पाठवलाच, वेळ नाही म्हणे, आणि स्टेशनने परत पाठवला, बुक केलेले स्लॉट गेले ते गेले. तंबाखूचा ब्रँड दुसऱ्या मालावर चिकटवून जाहिरात करणं म्हणजे अप्रत्यक्ष जाहिरात, नियमात स्पष्ट लिहिलंय. २०२२ पासून तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतही अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई आहे. त्या वेलचीच्या स्पॉटपासून माझी पद्धत एकच, अनोळखी ब्रँड आला की आधी पानवाल्याला नाव सांगायचं आणि मगच माईक चालू करायचा. वकील हसतील, हसू देत.

चहाच्या स्पॉटमध्ये मूड म्हणून माचिस आणि झुरक्याचा आवाज टाकू नका, तेही अप्रत्यक्षमध्येच येतं. स्पॉट नको तर आरजेच्या स्पर्धेत ब्रँडच्या नावाने बक्षीस देऊ, हा शॉर्टकट सुचवणारे दर सीझनला भेटतात, प्रायोजकत्व किंवा बक्षीस घेऊन ब्रँडचा प्रचार करायलाही त्याच कलमात मनाई आहे.

आणि आवाज देणाऱ्यांनो, क्लायंटचं तो बघेल म्हणू नका, जाहिरातीत भाग घेणाराही कलमात येतो. पहिल्यांदा २ वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोक फक्त हजार वाचून हसतात. दुसऱ्यांदा ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५००० पर्यंत दंड.