अपक्ष म्हणून पहिल्यांदा विधानसभा लढवताना

२०२४ च्या विधानसभेला अर्ज माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला दुपारी तीनला संपली आणि त्यानंतर चिन्हवाटप झालं. प्रचार थांबला १८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला. अपक्ष उमेदवाराच्या हातात स्वतःचं चिन्ह राहिलं ते अवघे चौदा दिवस. मी लढले तो मतदारसंघ बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. गावं दीड-दोनशे, त्यांच्या वाड्या आणि तांडे वेगळे, मतदान केंद्रं तीनशेच्या वर. एवढ्या दिवसांत प्रत्येक ठिकाणी नुसता नमस्कार करूनही होत नाही, मग ओळख करून देणं लांबच. २०२९ च्या तयारीत असलेल्या नवख्या कार्यकर्त्यांना, विशेषतः बायकांना, मला सांगायचं आहे ते हेच. पक्ष पाठीशी नसलेल्या माणसाची निवडणूक आचारसंहितेच्या आधीच लढून झालेली असते. नंतर उरतात कागद आणि पळापळ. कागद नीट झाले नाहीत तर पळापळीचीही वेळ येत नाही.

पात्रतेचं थोडक्यात सांगते. वय २५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. दुसऱ्या मतदारसंघातले मतदार असाल तर यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. राखीव जागेला जातीचं प्रमाणपत्र लागतं. शिक्षणाची अट नाही. ‘तिसरं लेकरू आहे, मग उभं राहता येईल का?’ हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. दोन अपत्यांची अट ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांना आहे, विधानसभेला नाही. मात्र राज्य सरकारशी झालेलं एखादं कंत्राट तुमच्या नावावर चालू असेल, तर आधी वकील गाठा, त्यावरून अपात्रता येऊ शकते. अनामत रक्कम दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार.

अर्ज भरायला २२ ते २९ ऑक्टोबर एवढीच मुदत होती, तीही रोज सकाळी ११ ते दुपारी ३. मधल्या सुट्ट्या गेल्या की आणखी कमी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. दहा सह्या ऐकायला सोप्या वाटतात. पण सूचकाचं नाव उघड होतं, आणि ज्याचं गाळप परमिट, पतपेढीचं कर्ज किंवा पोराची नोकरी कुणाच्या तरी शब्दावर अडलेली आहे, त्याच्यावर त्याच रात्री दाब येतो. म्हणून सूचक निवडताना मोठं नाव बघू नका, मोकळा माणूस बघा. माझ्या सूचकांत बचत गटाच्या बाया जास्त होत्या. त्यांच्यापैकी ज्या अंगठा लावतात, त्यांचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा निवडणूक आयोगानं ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच लागतो. घरी लावून आणलेला चालत नाही. अर्जाच्या दिवशी त्यांना तहसीलपर्यंत आणायची सोय आधीच करून ठेवा. एका उमेदवाराला अर्जाचे चार संच भरता येतात. निदान दोन भरा, एकात काही राहिलं तर दुसरा हाताशी असतो.

नमुना २६ चं शपथपत्र हा सगळ्यात वेळखाऊ कागद. स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मिळकत, कर्ज, सोनंनाणं, वाहनं, पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात येतं. सातबारा आणि आठ-अ आधीच काढून ठेवा, आणि सासऱ्यांच्या नावावरच्या सामाईक जमिनीत आपला हिस्सा कसा दाखवायचा ते वकिलाला विचारा. कुठलाही रकाना कोरा ठेवायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर कोरा रकाना हे अर्ज फेटाळायला पुरेसं कारण आहे. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ हमखास असतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि मतदार यादीत तिसरंच काहीतरी. यादीतलं नाव वर्षभर आधी दुरुस्त करून घ्या.

गुन्ह्यांच्या रकान्याबद्दल मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी जास्त सावध राहावं. पीकविमा, पाणी, आरक्षण, कशासाठी ना कशासाठी आपण रस्ता रोको केलेला असतो आणि गुन्हा दाखल झाल्याचं कधीकधी आपल्यालाच ठाऊक नसतं. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन लेखी माहिती घ्या. प्रलंबित गुन्हा असेल तर तो शपथपत्रात लिहायचाच, शिवाय प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करायचा असतो. लोकांसाठी रस्त्यावर उतरल्याचा गुन्हा लपवण्यासारखा नाही. तो लपवला तर मात्र तुमच्यावर बोट ठेवायला जागा होते.

अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, आणि ती छाननीच्या तारखेच्या आधी. पुष्कळ जण अर्ज दिला की घोषणा देत बाहेर पडतात. शपथ घेऊन तिचा दाखला हातात आल्याशिवाय कार्यालय सोडू नका. आत तुमच्यासह पाचच जण जाऊ शकतात. त्या चौघांत एक वकील आणि एक कागद सांभाळणारा माणूस घ्या. पुढाऱ्यांना बाहेर थांबू द्या.

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. मला ती गाठायची नव्हती आणि ऐपतही नव्हती, पण हिशेब गरीब उमेदवाराला जास्त सांभाळावा लागतो. अर्जाच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. दहा हजारांवरचा व्यवहार रोखीत करू नका. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, जीप, या सगळ्यांचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देतं. गावानं प्रेमानं मंडप घातला, पैसे घेतले नाहीत, तरी त्याची किंमत त्या दरानं तुमच्या खर्चात धरली जाते. खर्च निरीक्षकांची माणसं स्वतःची नोंदवही ठेवतात आणि प्रचारकाळात तीन वेळा तुमची वही तिच्याशी ताडून बघतात. पत्रक छापलं तर त्यावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या हवी. हे काम एकाच माणसाला द्या. माझ्याकडे बचत गटाच्या वह्या लिहिणारी एक मुलगी होती. संबंध निवडणुकीत मला एकदाही वही उघडून बघावी लागली नाही.

आता आमच्या भागातलं खरं अवघड दुखणं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, कोयता घेऊन नवरा-बायको निघतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. २०२४ ला गाळप सुरू करायची तारीख १५ नोव्हेंबर ठरली होती आणि मतदान होतं २० ला. म्हणजे ज्यांच्या प्रश्नावर मी उभी राहिले, ज्या बायांची ऊसतोड कामगार ओळखपत्रं काढायला मी ग्रामसेवकांच्या दारात बसले, त्याच मतदानाला गावात नव्हत्या. एक जण मला सरळ म्हणाली, ‘ताई, मत तुम्हालाच देऊ, पण त्या टायमाला आम्ही कारखान्यावर आसू.’ मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीची तरतूद कायद्यात आहे. उचलीवर काम करणाऱ्या जोडप्याला ती कोण देणार? त्यांच्यासाठी गाड्या पाठवाव्यात, तर मतदारांची फुकट वाहतूक करणं हा कायद्यानं भ्रष्ट आचार ठरतो. आपण ते करायचं नाही. दुसरे करतात म्हणूनही करायचं नाही. सीमेवर असलेल्या जवानाला टपाली मत आहे, मग राज्याची साखर ज्यांच्या हातून येते त्यांना मतदानाची काही सोय का असू नये, हा प्रश्न मी प्रत्येक सभेत विचारला आणि पुढेही विचारणार आहे.

तरीही हाताशी काही गोष्टी राहतात. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत ही माणसं गावात असतात, तेव्हा तांड्यावर, वस्तीवर जा. तांड्यावर आधी नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला भेटा, मग घरोघरी. टोळी कुठल्या कारखान्याला जाणार ते लिहून ठेवा. जवळच्या कारखान्यावरची माणसं आपली आपण येऊ शकतात, आणि आधी बोलणं झालेलं असेल तर येतातही. मागे राहतात ती म्हातारी माणसं. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरून मतदान करता येतं, पण त्याचा नमुना १२-डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत भरून द्यावा लागतो. तो केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे मिळतो. गावोगाव अशा म्हाताऱ्यांची यादी आधीच तयार ठेवा.

मतदार यादी हे या सगळ्याचं मूळ. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना ती मोफत मिळते, अपक्षाला मिळत नाही. यादी भाग भाग करून वाचा. मयत कोण, लग्न होऊन गेलेल्या मुली कोण, सासरी आलेल्या सुनांची नावं लागली का, हे बघत बसणं कंटाळवाणं वाटेल, पण नवी सून मतदार म्हणून नोंदवून देणारी बाई त्या घरात कायमची ओळखीची होते.

प्रचाराची वेळ शेताकडे बघून ठरवा. नोव्हेंबरात कापूस वेचणी चालू असते, सोयाबीन नुकतं निघालेलं असतं. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होते, त्यामुळे कुठल्याही पारावर बसलं की पहिला विषय तोच निघे. दिवसा गावात कुणी भेटत नाही. सकाळी वेचणीला निघायच्या आत आणि दिवेलागणीनंतर जा. रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो, बोलणं बंद करावं लागत नाही.

जातीचा प्रश्न विचारला जाणारच. त्या वर्षी तर मराठा आणि ओबीसी अशी उभी फूट गावागावांत दिसत होती, एकाच ओट्यावर बसणारी माणसं वेगवेगळ्या पारांवर बसू लागली होती. मी उत्तर टाळलं नाही. माझी जात सांगितली आणि लगेच पाण्याच्या टँकरचं, कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीच्या, दराचं बोलले. काही जण उठून गेले, बसले त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. दोन गावांत दोन भाषा बोलू नका. मोबाइलवर सगळं त्याच संध्याकाळी शेजारच्या गावात पोचतं.

मतदान प्रतिनिधी सगळ्या केंद्रांवर बसवणं अपक्षाला जमत नाही. जिथे काम आहे ती केंद्रं निवडा आणि तिथे पक्का माणूस द्या. सातला मतदान सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, साडेपाचला असते, त्याला तो हजर हवा, आणि संध्याकाळी नमुना १७-सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय त्यानं उठायचं नाही. मोजणीच्या दिवशी तोच कागद यंत्रावरच्या आकड्याशी जुळवायचा असतो.

अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. अडीच लाख मतं पडली तर एक्केचाळीस हजारांच्या वर. माझी वाचली नाही. निकालानंतर नमुना २० मिळतो, त्यात केंद्रवार मतं असतात. तो मी गावागावाशी लावून बघितला. पीकविम्याच्या तक्रारी, ओळखपत्रं, रेशनकार्डं यांवर ज्या गावांत वर्षानुवर्षं काम केलं होतं, तिथे दोन मोठ्या पक्षांच्या मागोमाग माझं नाव होतं. जिथे नुसती गाडी भोंगा लावून फिरली, तिथे बोटावर मोजण्याइतकी मतं पडली.

हरलेल्या उमेदवारालाही निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. पुष्कळ अपक्ष इथेच थकतात आणि तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरू शकतात. मतमोजणी होताच पावत्या लावायला घ्या, हिशेब द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा.