शंभर लिटरचा गिझर आणि बोअरचं पाणी

आमच्या घरात माणसं आठ, दिवाळीत तेरा-चौदा. सासूबाईंचा तांब्याचा बंब होता तोवर चिपाडं घाला, धूर खा, पाणी कढत. पण दर आठवड्याला चिंच-मीठ लावून तो घासायला मीच होते, म्हणून शंभर लिटरचा गिझर घेतला. आता याला हात लावायला नको, असं समजून सहा वर्षं खरंच लावला नाही. सातव्या वर्षी नरक चतुर्दशीला पहाटे चार वाजता सगळे अंगाला तेल लावून बसलेले, आणि गिझरचं बटण दाबलं की अख्ख्या घराची वीज जायची. चार शेगड्यांवर पातेली चढवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माळ्यावरच्या बंबाकडे बघितलं.

झालं होतं असं, की बोअरच्या जड पाण्यातला क्षार कॉईलवर बसून बसून तिच्यावर दगडाचं कवच चढलं. आतली उष्णता पाण्यात जाईना, कॉईल स्वतःच तापून चिरली, चिरेतून पाणी आत गेलं आणि करंट गळायला लागला. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, पडत होता तो त्यामुळे. त्याने आम्हाला त्रास दिला नाही, वाचवलं. गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी आणि खरी अर्थिंग नसेल तर बाकी काही वाचण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. १६ अँपचा सॉकेट आहे म्हणजे मागे अर्थिंगची तार जोडलेलीच आहे, असं नसतं.

नवीन बसवणार असाल तर भिंत बघा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो नुसतं पाणी, वर लोखंडाचं वजन. चार इंची भिंतीत नुसते प्लग ठोकून हे लटकवायचं नाही, बोल्ट आरपार काढायचे. उभा गिझर जागा नाही म्हणून आडवा बसवायचा नाही. त्याच्या आतल्या नळ्या उभ्या हिशोबानेच घातलेल्या असतात.

तापमान ६० अंशांवर ठेवा. माझे दीर काटा शेवटपर्यंत फिरवायचे, लवकर तापतं म्हणून. लवकर काही तापत नाही, फक्त जास्त तापतं, आणि पाणी जितकं कढत तितका क्षार जास्त बसतो. २० अंशांचं शंभर लिटर पाणी ६० वर न्यायला साधारण साडेचार-पावणेपाच युनिट वीज लागते. कॉईल २ किलोवॉटची असेल तर सव्वादोन तासांच्या वर. म्हणून सहाच्या आंघोळीला साडेतीनचा टायमर. पाणी वापरताना खालून गार भरत जातं, त्यामुळे शंभरपैकी सत्तरेक लिटरच खरं गरम मिळतं. निम्मं गार मिसळलं तर सोळा लिटरच्या आठ-नऊ बादल्या. नववा माणूस कुरकुरणारच.

आता थेंबांचं. गिझर तापत असताना खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, ते ठिबकायलाच हवं. शंभर लिटर पाणी ६० अंशांपर्यंत गेलं की दीड लिटरभर फुगतं, आणि व्हॉल्व्हमध्ये उलटं न जाऊ देणारी झडप असल्यामुळे ते वरच्या टाकीत परत जाऊ शकत नाही. आमच्याकडे आलेल्या एका प्लंबरने 'ताई, गळतंय' म्हणत तिथे डमी, म्हणजे बूच, ठोकली. दुसऱ्या दिवशी जोडनळी फुटून न्हाणीघरात तळं. नळी फुटली हे नशीब, टाकी फुटली नाही. व्हॉल्व्हला पातळ नळी लावून ती मोरीत सोडा, बस्स. गिझर बंद, गार असतानाही ठिबकत असेल तर मात्र आत कचरा अडकलाय किंवा पंपाचा दाब जास्त आहे. कचरा असेल तर व्हॉल्व्ह बदला, दाब असेल तर तो कमी करून घ्या.

वर्षातून एकदा गिझर उघडायचा. मी खंडेनवमीला पाना-पकडीला हळदकुंकू वाहते आणि पुढच्या रविवारी कामाला लागते. वॉरंटी चालू असेल तर कंपनीचा माणूस बोलवा, पण शेजारी उभं राहून आतली मॅग्नेशियमची कांडी दाखवायला लावा.

आदल्या रात्री गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्याचा स्विच, पाडते, सकाळी उरलेलं पाणी आंघोळीला संपवतो. मग गार पाण्याचा कॉक बंद करून गरमचा नळ उघडा ठेवायचा, नाहीतर हवा आत जात नाही आणि पाणी उतरत नाही. गारची नळी व्हॉल्व्हसकट काढली की टाकी रिकामी होते. पहिल्या वर्षी मी खाली परात धरली होती. पांढरा चुरा साबुदाण्याएवढा, आणि मध्ये मध्ये पोह्यांसारखे पापुद्रे, चिवडा सांडावा तसे.

खालचं झाकण काढून तारांचा मोबाइलवर फोटो काढा. टेस्टर लावून वीज येत नाही याची खात्री करा. तारा सोडवल्या की नट समोरासमोरचे सैल करत जा. कॉईल आणि तिच्या शेजारची मॅग्नेशियमची कांडी एकत्र बाहेर येतात. ही कांडी टाकीच्या ऐवजी स्वतः झिजते, एवढंच तिचं काम. नवी अंगठ्याएवढी जाड असते. आमची सहा वर्षांनंतरची म्हणजे नुसती तार होती, तिला दोन खडे चिकटलेले.

कॉईल बादलीत लिंबूसत्त्वाच्या पाण्यात उलटी बुडवायची. तारांची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं. दोन तासांनी नायलॉनच्या ब्रशने कवच निघतं. हातोडी नको. टाकीत संडासचं अ‍ॅसिड ओतणारे महाभाग आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवा. आतला काचेचा थर गेला की टाकी गेली.

लावताना गॅस्केट नवीनच. मग कॉक उघडून गरमचा नळ फुरफुरायचा थांबून सलग धार लागेपर्यंत वाट बघायची. तासभर नटांखाली कोरडा कागद धरून बघते, ओल नसेल तरच झाकण लावून एमसीबी वर. रिकाम्या टाकीत कॉईल दोन-चार मिनिटांतच जाते.

गिझरच्या पोटावर मी मार्करने तारखा लिहिते. गेल्या वर्षी कांडी निम्मी उरली होती. यंदाची तार दिसायला लागली असेल म्हणून नवी आणून ठेवली आहे, आणि गॅस्केट दोन, कारण पहिलं मागच्या वेळी बसवताना माझ्याच हाताने चिरलं.