पोलवर तार नेमकी बसत नाही? पिकअप बदलण्याआधी मोजून बघा

इलेक्ट्रिक गिटार मांडीवर असते, नजर सहज खाली जाते आणि दिसतं की ब्रिजजवळच्या पिकअपवर जाड ईची तार पोलच्या मध्यावरून जातच नाहीये. बाहेरच्या कडेवरून निसटतेय. बारीक ईसुद्धा पलीकडच्या बाजूला तशीच. (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा चुंबकी भाग, आणि पोल म्हणजे त्याच्यावर तारेखाली दिसणारं गोल टोक. जाड ई ही सगळ्यात जाड तार, बारीक ई सगळ्यात बारीक.) एकदा दिसलं की ते खुपत राहतं. आवाजात काहीतरी उणं वाटायला लागतं, जे कालपर्यंत वाटत नव्हतं.

मी याच पायी एकदा पैसे घालवलेत. होता त्याच मॉडेलचा, पण जरा रुंद अंतराचा पिकअप आणला, सोल्डरिंग करून बसवला. सगळ्या तारा पोलवर ओळीत आल्या, दिसायला फार सुरेख. आवाज मात्र जुनाच. दोन्ही ई किंचित मोठ्या वाजल्यासारख्या वाटल्या, आणि तेवढं काम पिकअपच्या उंचीचा स्क्रू पाव वळसा फिरवूनही झालं असतं. म्हणून पाकिटाला हात घालण्याआधी हे करून बघा. अर्धा तास पुरतो.

आधी पोल मोजा

जाड ईच्या पोलच्या मध्यापासून बारीक ईच्या पोलच्या मध्यापर्यंतचं अंतर हवंय. मध्य डोळ्यांनी अचूक सापडत नाही, म्हणून एका पोलच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या पोलच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. उत्तर तेच येतं. पट्टी प्लास्टिकची घ्या. स्टीलचा कॅलिपर नेलात तर चुंबक तो खसकन ओढून घेतो, आणि पिकअपवर चरा पडतो तो वेगळाच.

जुन्या गिब्सन धाटणीच्या हंबकरमध्ये (तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, म्हणजे दोन कॉइल असलेला पिकअप) हे अंतर साधारण ४९–५० मि.मी. असतं. रुंद प्रकारात ५१ ते ५३ मि.मी. याला कोणी ‘एफ-स्पेस्ड’ म्हणतं (एफ म्हणजे फेंडर किंवा फ्लॉइड रोझ, दोन्ही ब्रिजवर तारा लांब लांब असतात), तर सीमोर डंकन या पिकअप कंपनीकडे त्याचं नाव ‘ट्रेमबकर’. फेंडरच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारीच्या सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये, ५२च्या आसपास, पण बऱ्याच स्वस्त गिटारींमध्ये ५० किंवा ४८सुद्धा सापडतं.

मग तारा मोजा, पण ब्रिजवर नाही

इथे बहुतेकांचं चुकतं. ब्रिजवरचं अंतर बघून पिकअप मागवतात. तारा नटपासून (दांड्याच्या, म्हणजे नेकच्या, टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत पंख्यासारख्या पसरत जातात, त्यामुळे पिकअपच्या डोक्यावर अंतर ब्रिजपेक्षा कमीच असतं.

एक उदाहरण घ्या. नटवर दोन्ही ईंमधलं अंतर ३५ मि.मी., ब्रिजवर ५२.५, आणि तारेची लांबी ६४८ मि.मी. म्हणजे अख्ख्या लांबीत तारा १७.५ मि.मी. पसरतात. नेकजवळचा पिकअप ब्रिजपासून साधारण पाव लांबीवर असतो. तिथे पसारा पाव भागाने कमी, म्हणजे सुमारे ४८ मि.मी. ब्रिजपासून ४० मि.मी.वर असलेल्या पिकअपवर मात्र सव्वाएक्कावन्नच्या थोडं वर. एकाच गिटारीवर दोन पिकअपमध्ये तीन मि.मी.चा फरक पडला. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट ब्रिजवर अंतर ५६च्या आसपास असतं, आणि त्याच गिटारीतल्या तिन्ही पिकअपचे पोल एकाच मापाचे. म्हणजे तारा पोलवरून सरकलेल्या असणं हे तिथे ठरलेलंच. १९५४पासून लोक त्या गिटारी वाजवतायत, आणि आवाजासाठीच विकत घेतायत.

मोजल्यावर आणखी एक गोष्ट बघा. दोन्ही ई बाहेर सरकल्यात की दोन्ही एकाच दिशेला? एकाच दिशेला असतील तर पोलच्या अंतराचा दोष नाही, बहुधा नेक वाकडी बसलीय. अशा गिटारीवर बारीक ई फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कडेवरून खाली घसरतेसुद्धा. स्क्रूने जोडलेली नेक असेल तर तारा सैल करा, मागचे चार स्क्रू थोडे ढिले करा, नेक हलक्या हाताने हवी तिकडे दाबा आणि स्क्रू परत आवळा. मामला तिथेच मिटतो.

आवाजाला नेमकं काय होतं

चुंबकामुळे वरची तार स्वतःही थोडी चुंबकित होते. ती हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि कॉइलमध्ये वीज उमटते. पोल सहा असले तरी कॉइल सगळ्या तारांना मिळून एकच असते, हंबकरमध्ये दोन. आवाजाचा पोत ठरतो तो कॉइलच्या वेढ्यांवर, चुंबकाच्या जातीवर, व्हॉल्यूमच्या पॉटवर (बटणाखालचा भाग), केबलच्या लांबीवर, आणि या सगळ्यांहून जास्त म्हणजे पिकअप तारेच्या लांबीत कुठे बसलाय त्यावर. नेकचा पिकअप मऊ आणि ब्रिजचा टोकदार वाजतो, तो मुख्यतः या जागेमुळे. पोल दोन मि.मी. आतबाहेर झाल्याने यातलं काही बदलत नाही. बदलते ती त्या एका तारेची पातळी, तीही थोडी.

थोडीच का? फेंडर पद्धतीच्या पिकअपमधला चुंबक जवळपास ४.८ मि.मी. जाड असतो. तार मध्यापासून दीड मि.मी. सरकली तरी ती चुंबकाच्या डोक्यावरच आहे. शिवाय क्षेत्र काही पोलच्या कडेशी भिंत घातल्यासारखं थांबत नाही.

आणि ज्यांना अजून शंका आहे त्यांनी बास गिटार बघावी. फेंडरच्या प्रिसिजन बासला १९५७पासून दर तारेला दोन पोल आहेत, आणि तार जाते त्या दोघांच्या मधून. मुद्दामच. त्याच्याही आधी, १९३६च्या गिब्सन ईएस-१५० वर सहा पोल नव्हतेच, सगळ्या तारांखाली एकच पाती होती.

उलट बाजूही सांगायला हवी. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने स्ट्रॅटसारख्या बॉडीत गिब्सनचा हंबकर बसवला तो तिरका, कारण तारा लांब लांब होत्या आणि पोल जवळजवळ. म्हणजे जुळवाजुळव करणारे तेव्हाही होते. पण तिरका केल्यावर जाड आणि बारीक तारांखालची पिकअपची जागाही पुढेमागे झाली, आणि त्याचा आवाजावर होणारा परिणाम पोलच्या ओळीपेक्षा जास्त आहे.

कानाने तपासा

जाड ईची बारीक ईशी किंवा डीशी तुलना करू नका. तारा वेगळ्या, आवाज वेगळाच येणार. एकाच तारेची तिच्याशीच तुलना करायची.

चौकटीत बसवलेला हंबकर असेल तर सोपं आहे. चौकटीचे चार स्क्रू काढा, सगळी चौकट बाजूला एक-दोन मि.मी. सरकवा (खालच्या खाचेत सहसा तेवढी जागा असते) आणि चिकटपट्टीने धरून ठेवा. अ‍ॅम्प अगदी स्वच्छ आवाजावर ठेवा, डिस्टॉर्शन बंद. ते चालू असेल तर पातळीचा फरक दबून जातो. बारीक ई मोकळी, एकाच जागी, एकाच पिकने दहा वेळा वाजवा आणि फोनवर नको, ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार थेट कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) रेकॉर्ड करा. मग चौकट परत जागेवर आणून तेच दहा वेळा. दहा एवढ्यासाठी की हाताचा जोर दर वेळी बदलतो, आणि तो बदल बहुतेक वेळा पोलच्या फरकापेक्षा मोठा निघतो. माझ्या कानाला फरक आला तो पातळीचा. पातळ्या सारख्या करून ऐकल्यावर कुठली कोणती, हे मला ओळखता आलं नाही.

चौकट काढायची नसेल तर बाराव्या फ्रेटवर बारीक ई धरून तार बाजूला ताणा, म्हणजे बेंड करा, पूर्ण एका स्वराने वर जाईपर्यंत, आणि आवाज मध्येच दबतो का ते ऐका. बेंड करताना तार पोल सोडून सरकते. दबत असेल आणि तुम्ही सतत बेंड करणारे असाल, तर अंतराचा विचार करण्यात अर्थ आहे.

दुरुस्ती, फुकटातली आधी

पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून उंची लावा. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पोलपासून अंतर मोजा. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपला फेंडर जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मि.मी. सांगतं. गिब्सनकडे नेकला २.४, ब्रिजला १.६. एक तार मागे पडत असेल तर ती बाजू पाव-पाव वळशाने वर आणा. सगळ्याच तारा असमान असतील तर उलट करा, अख्खा पिकअप थोडा खाली घ्या. अंतर वाढलं की तारांमधला असमतोल कमी होतो, आणि जे आउटपुट जातं ते अ‍ॅम्पवर वाढवून घेता येतं. स्ट्रॅटचे पिकअप फार वर असले तर चुंबक तारेला खेचतो आणि वरच्या फ्रेटवर स्वर थरथरतो, बेसूर वाटतो. तो रोगही खाली घेतल्याने जातो.

हंबकरला स्क्रूचे पोल असतील तर मागे पडणाऱ्या तारेचा पोल अर्धा वळसा वर काढा. पण जुन्या पद्धतीच्या फेंडर पिकअपचे पोल बोटाने कधीही दाबू नका. त्यात बारीक तांब्याची तार थेट चुंबकांभोवतीच गुंडाळलेली असते. चुंबक हलला की ती तुटते आणि पिकअप गेला. त्या पोलची कमी-जास्त उंची जुन्या तारांच्या हिशोबाने आहे, जेव्हा जीच्या (बारीक ईकडून तिसऱ्या) तारेवरही धातूची बारीक तार गुंडाळलेली असायची. आज जीची तार बहुतेक साधी असते, म्हणून ती उगीच मोठी वाजते. खरं तर हा असमतोल अंतराच्या असमतोलापेक्षा कानाला जास्त जाणवतो, पण डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

विकत घ्यायचाच असेल तर

पिकअपच्या डोक्यावर मोजलेला आकडा वापरा. ५१च्या वर असेल तर रुंद, खाली असेल तर साधा. नेकच्या जागी फेंडर धाटणीच्या गिटारीतही बहुतेक साधाच जुळतो. बेंड दबण्याची तक्रार असेल तर पोलऐवजी पातीचा पिकअप घ्या, तिथे अंतराचा प्रश्नच उरत नाही.

आणि सिंगल कॉइल घेताना प्लास्टिकच्या कव्हरची भोकं मोजा. अंतर खरोखर अडतं ते इथे. ५२च्या पोलवर ५०चं कव्हर बसत नाही, आणि जोर लावलात तर चुंबकच हलतो.