उन्हाळ्यातील साप्ताहिक हवामान अंदाज वाचून शेतीकामे कशी ठरवावीत

मे महिन्यात हवामानाच्या अंदाजातून बहुतेकांच्या लक्षात राहतो तो एकच आकडा, कमाल तापमानाचा. आठवड्याची कामे ठरवताना मात्र तो सर्वांत कमी उपयोगी पडतो, कारण अकोला किंवा ब्रह्मपुरीचा पारा चव्वेचाळीसवर जाणार हे जाणून घ्यायला विदर्भातील माणसाला अंदाजाची गरज नसते. अंदाजात इतर जे लिहिलेले असते, त्यावर काम ठरवावे.

अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी हवामान पत्रिकेचा घ्यावा. ही पत्रिका मंगळवारी व शुक्रवारी निघते आणि ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येते. मोबाइलवर फिरत आलेल्या संदेशावर तारीख नसेल, तर तो गेल्या वर्षीचाही असू शकतो.

प्रथम उष्णतेच्या लाटेचा उल्लेख पाहावा, पण तो नसला म्हणून निर्धास्त होऊ नये. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढलेले असेल, अथवा पारा थेट ४५ अंशांवर गेला असेल, तर हवामान विभाग लाट मानतो. मार्चअखेरीस सरासरीच कमी असल्यामुळे ४२ अंशांनाही लाट ठरू शकते. मेअखेरीस आपल्याकडील सरासरीच बेचाळीसच्या आसपास असते, त्यामुळे ४४ अंशांचा दिवस इशाऱ्याविना निघून जातो. उन्हात वावरणाऱ्या माणसाला या दोन दिवसांतला फरक कळत नाही. शिवाय हे तापमान जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीतल्या हवेशीर पेटीत मोजलेले असते. वखरलेल्या काळ्या वावरात दुपारी उभ्या असलेल्याला त्याहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो. म्हणून इशारा असो वा नसो, आकडा ४३ च्या पुढे असेल, तर नांगरट, धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची साफसफाई आणि काडीकचरा वेचणे ही कामे पहाटे सुरू करून दहाच्या आत आटोपावीत.

त्यानंतर किमान तापमान पाहावे. हा आकडा फारसे कोणी वाचत नाही, पण माझ्या मते आठवड्याचा खरा त्रास तोच सांगतो. रात्रीचा पारा तिशीखाली उतरत नसेल, तर दिवसभर तापलेल्या शरीराला आणि गोठ्यातील जनावरांना विसावा मिळत नाही आणि थकवा दुसऱ्या दिवशीच्या कामावर चढत जातो. अशा सलग रात्री दिसत असतील, तर मजुरांची जड कामे शक्यतो पुढे ढकलावीत. जनावरांना रात्रीही पाणी ठेवावे. वरुड, मोर्शी, काटोलकडच्या आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या संत्र्याला अशा दिवसांत पाण्याचा ताण बसला की फळगळ वाढते. म्हणून ठिबकची पाळी संध्याकाळनंतर किंवा पहाटे द्यावी आणि झाडाच्या आळ्यात कुटाराचे (मळणीनंतर उरलेल्या भुशाचे) आच्छादन करावे. शेतीपंपाची वीज दिवसा आणि रात्री अशा पाळीने येत असेल, तर त्या आठवड्याची पाळी अंदाजाशेजारी लिहून ठेवावी.

वादळी पावसाच्या ओळीतील शब्द नेमके असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील पावसाची नोंद करणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत, आणि ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. त्यामुळे तुरळक पाऊस सांगितला आणि आपल्या गावात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही. पण मेघगर्जना, सोसाट्याचा वारा किंवा गारपीट यांचा उल्लेख असेल, तर ‘तुरळक’ शब्दावर विसंबू नये. खळ्यावरची हळद, काढलेला कांदा, उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा आणि कुटाराची गंजी त्याच दिवशी दुपारपूर्वी झाकावी, कारण हे ढग बहुधा दुपारनंतर चढतात. पूर्व विदर्भात वाळत घातलेल्या तेंदूपत्त्यालाही हेच लागू आहे. वीज कुठे पडत आहे हे ‘दामिनी’ ॲपवर दिसते; गडगडाट ऐकू आल्यावर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज ठाम कामांसाठी वापरावा. पुढच्या दिवसांवर मजूर वा ट्रॅक्टर पक्का करू नये. त्यासाठी पुढच्या पत्रिकेची वाट पाहावी. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या सुमारास वळवाची एखादी दमदार सर येते, पारा चार-पाच अंशांनी उतरतो आणि कपाशीच्या पेरणीची घाई सुरू होते. मात्र आठवड्याच्या अंदाजात त्यामागे पुन्हा कोरडे, तापलेले दिवस दिसत असतील, तर बियाण्याची पिशवी फोडू नये. पेरणीयोग्य ओलीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो.